हिराजीशेठांची ब्लूटूथची सोयरीक

हिराजीशेठांनी आमच्या कॉम्प्युटरला पहिल्यांदा बोट लावलं ते हळदकुंकवाचं. एक बोट मॉनिटरला, एक खालच्या डब्याला आणि उरलेलं स्वतःच्या मोबाइलला. "नवी सोयरीक हाय भाऊ," ते म्हणाले, "कोरड्या कपालानं जमवायची नाय."

पनवेलच्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहत. मूळचे गव्हाणचे. जमीन विकून फ्लॅटमध्ये आले, गळ्यात जाड साखळी आली आणि नावापुढे 'शेठ' लागलं. पण त्यांचा जीव एकाच कामात, लग्नं जुळवण्यात. त्यासाठी ते कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसत. आसपासच्या गावांत कुठे बोलणी फिसकटली की यांना बोलावणं यायचं. हे जाऊन मांडी ठोकून बसायचे आणि एकच वाक्य घोळवायचे, "दोनी बाजू राजी पायजेन." दोन्ही बाजू कंटाळून का होईना, राजी व्हायच्या.

या वेळचं काम मात्र नाजूक होतं. त्यांची थोरली बहीण, बायमाक्का, ही गावची धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई. शेठांनी तिची गाणी फोनवर भरून घेतली होती. त्यानंतर आक्काला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचाच गेली. आता तो फोनही मध्येच मान टाकत होता. आक्काचा आवाज जगात उरला होता तो तेवढ्या फोनात, आणि फोनने कायमचे डोळे मिटण्याआधी तो माझ्या कॉम्प्युटरवर यायला हवा होता.

"बाजारात वायर मिळते त्याची," मी सुचवलं.

शेठ दुखावले. "दावं लावून सून आनतान का?"

मग ब्लूटूथ. मी कॉम्प्युटरला डोंगल लावलं. फोनवर कॉम्प्युटरचं नाव उमटलं, कॉम्प्युटरवर फोनचं, आणि दोन्हीकडे प्रश्न आला, जोडायचं का? शेठ खुर्चीतून उठलेच.

"बगा! दोनी बाजूंना इचारतंय!"

जन्मभर ज्यासाठी माणसांपुढे घसा कोरडा केला, ते या यंत्राला आपसूक कळत होतं. त्यांनी कॉम्प्युटरला मनापासून हात जोडले. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. रोज ब्लूटूथ वापरत होतो, पण त्यात कुणी कुणाची मर्जी विचारतं हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढे कोड मागितला. मी सवयीने सगळी शून्यं टाकायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"शुभकार्यान शून्य? याड लागलं का? एकशेएक टाका."

दोन्हीकडे एकशेएक टाकलं आणि सोयरीक जुळली.

पहिलं गाणं निघालं. स्क्रीनवर निळी पट्टी सरकू लागली. शेठांनी हात आडवा केला, "आता मधून कोनी जावाचा नाय!" माझी बायको चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. चहावर साय धरली. पट्टी शेवटाला येते न येते तोच जोडणी तुटली. मी चडफडलो, पण शेठ गार. "लग्नान रुसवे असतानच," म्हणाले, फोन जरा पुढे सरकवला आणि दोन्ही बाजूंना पुन्हा विचारायला लावलं.

गाणं पुन्हा निघालं. शेठांनी फोन आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या रिकाम्या हवेकडे हात नेला आणि वाटेत येईल म्हणून पटकन मागे घेतला.

"हितून आक्का चाललीय," ते अगदी हळू म्हणाले, "आन मना दिसत नाय."

मी माझी खुर्ची त्या वाटेतून मागे सरकवली.

दुपारभर एकेक गाणं येत गेलं. अखेर एकच फाइल उरली. ती मी फोनवरच लावून पाहिली. गाणं नव्हतंच. भांड्यांचा आवाज, एक कोंबडी आणि आक्काचं खेकसणं, "हिऱ्या, बंद कर तो डबा! सकालपासून जेवलास का नाय?"

"यात काही नाही," मी म्हटलं. "फोनचा भरवसा नाही, ही राहू दे."

शेठांनी फोन दोन्ही हातांत धरला. "गानी गेली असती तरी चाललं असतं भाऊ. धवले गावान दुसऱ्या बायांना पन येतान. पयली हीच घ्यायची होती, पन मना लाज वाटली." ते जरा थांबून म्हणाले, "आता सगली शेठ बोलतान. घरची पोरंपन. हिऱ्या बोलनारी ती एकटीच."

मी फाइल पाठवली. ती पोचेपर्यंत आम्ही दोघं निळ्या पट्टीकडे बघत बसलो.

पोचली.

"लावा," शेठ म्हणाले.

मी लावली. भांडी वाजली, कोंबडी ओरडली, आक्का खेकसली. शेठ खुर्चीत सरसावून बसले आणि कॉम्प्युटरकडे बघत लहान पोरासारखे म्हणाले, "जेवलू गं आक्का."