सागवानी खळ्याचे राखणदार

प्रिय रेवा आणि निषाद,

परवा फोनवर घर दाखवताना तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. दाराशी बांबूची दुरडी कशाला ठेवली आहेस, आणि काखेत चपला धरून खुर्चीवर बसलेले ते आजोबा कोण? मी "मग सांगते" म्हटलं, कारण ते समोरच होते आणि तोंडावर चांगलं बोललेलं त्यांना खपत नाही. मे महिन्यात तुम्ही येणार. त्याआधी त्यांची ओळख झालेली बरी, नाहीतर पहिल्याच दिवशी दारात तुमची झडती होईल आणि तुम्ही घाबराल.

ते तात्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. वारजे हे खेडं होतं तेव्हा इथे त्यांचं शेत होतं. शेत गेलं आणि बदल्यात फ्लॅट आले, पण तात्यांच्या डोक्यातला नकाशा बदलला नाही. बी विंगला ते अजून "विहिरीकडली बाजू" म्हणतात. पार्सल घेऊन येणारी माणसं त्यांना पत्ता विचारतात आणि बराच वेळ विहीर शोधत फिरतात.

त्यांची आणि माझी खरी ओळख झाली ती या लाकडी जमिनीमुळे. गेल्या वर्षी मी गुळगुळीत फरशीवर घसरले आणि मनगट मोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबाचं म्हणणं, आई, आता आमच्याकडे कॅनडात ये. माझं म्हणणं, मी माझ्या घरातच राहणार. शेवटी असं ठरलं की फरशीवर सागवानी फळ्या घालायच्या, ओटा खाली घ्यायचा, रंगही देऊन घ्यायचा. बाबाची अट एकच होती. "हे सगळं तू एकटीनं नीट पार पाडलंस, तर राहा. काही बिघडलं, तर पुढच्या वेळी माझं ऐकायचं." म्हणजे घराचं काम कसलं, माझी परीक्षाच होती.

मी यादी केली. चौतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं आहे, यादीत मला कोणी हरवणार नाही. क्रम खालून वर: आधी जमीन, मग ओटा, मग कपाटं, मग भिंती, शेवटी छत. लाकडाचं काम करणारे रफीकभाई कसबा पेठेतले. त्यांच्या घरी तीन पिढ्या हेच काम चालतं. यादी वाचून ते म्हणाले, "मॅडम, लाकूड शेवटी घालतात. वर हातोडे चालणार आणि खाली नवं लाकूड?" मी त्यांना सुसूत्रतेवर पाच मिनिटं ऐकवलं. सभ्य माणूस. ऐकून घेतलं आणि जमीन घालून दिली.

जमीन सोन्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी ओट्याचे लोक मापं घ्यायला आणि जुना ओटा काढायला आले आणि त्यांच्यातल्या एकाने हातातली पहार त्या जमिनीवर टेकवायला घेतली. मी ओरडले. माझ्या यादीत काय चुकलं होतं, ते त्या क्षणी मला कळलं.

ओरडणं ऐकून तात्या वर आले. चपला काखेत. दारातच उभे राहून त्यांनी जमीन पाहिली, पहार पाहिली, मग मला पाहिलं.

"बाई, आधी खळं सारवलं, आन् मंग घर बांधाया काढलं व्हय?"

खळं म्हणजे शेतातली मळणीची जागा. माती ठोकून, पाणी मारून, शेणाने सारवून गुळगुळीत करतात आणि त्यावर कणसं पसरून मळतात. खळ्यावर चप्पल घालून जायचं नाही, खडा येऊ द्यायचा नाही. "येक खडा ऱ्हायला, तर वरीसभर दाताखाली येतो," असं तात्या सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावता हजर झाले. माझी यादी मागून घेतली, लांब धरून वाचली आणि घडी करून परत दिली. "अक्षर लई सुंदर हाय," म्हणाले. त्यापलीकडे त्या यादीचा त्यांना काही उपयोग दिसला नाही.

मग त्यांनी जमीन दोनदा झाडायला लावली, कारण पांघरुणाखाली एक कण राहिला तरी तोच ओरखडा काढतो. त्यावर माझ्या जुन्या सुती चादरी. रंगीत नाहीत, रंग उतरेल. चादरींवर खोक्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर पोती, आणि ओट्याचा दगड ज्या वाटेने जाणार तिथे वरून प्लायवूड. मी चिकटपट्टी आणून दिली तर म्हणाले, "काढताना पालिश संगं घेऊन येईल. तुमच्या कपाळाला लावू का?"

त्यांचा सिद्धांत एकच. "वजन वाईट न्हाई, टोक वाईट. बैल चालला तरी खळं मोडत न्हाई, काठी टेकली का मोडतं." तो ते माणसांनाही लावतात. सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल म्हणाले, "मानूस हलका हाय, पर टोकदार." माझ्याबद्दल त्यांचं काय मत आहे ते मी विचारलं नाही.

दुरडी तेव्हाच दाराशी आली. आत येणाऱ्याने खिसे झाडायचे. किल्ल्या, खिळे, नाणी, तंबाखूची डबी, सगळं दुरडीत. ओट्याच्या कामावरचा एक जण वैतागून म्हणाला, "तात्या, विमानतळावर पण एवढं तपासत नाहीत."

"तितं खाली सागवान हाय का?"

सेक्रेटरी कसलीशी नोटीस घेऊन आले, त्यांचं पेन काढून घेतलं. मग सही कशी घेणार? तात्यांनी मला दाराबाहेर बोलावलं, जिन्यात सही करायला लावली आणि पेन परत केलं. माझ्या केसातली पिनसुद्धा सुटली नाही.

रंगाऱ्यांची शिडी आली. तिला घोडा म्हणतात. चार लोखंडी पाय पाहून तात्या म्हणाले, "ह्याला मोजं पायजेत." मी ट्रंकेतून तुमच्या आजोबांचे लोकरी मोजे काढले. सहा वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपले होते. दोन जोड, चार पाय, बरोबर बसले. आजोबा ते कधी घालायचे नाहीत, टोचतात म्हणायचे. घोड्याची काही तक्रार आली नाही.

ओट्याचा दगड आला त्या दिवशी तात्या दगडाच्या पुढे उलटे चालत होते, दोन्ही हात वर करून, बैलजोडी वळवावी तसे. "हळू रं माझ्या राजा. पाय ठेव, आपटू नको." चार धिप्पाड माणसं पावलागणिक त्यांचं ऐकत स्वयंपाकघरापर्यंत गेली. दगड बसला तेव्हा मी चहा टाकला आणि चहा पिताना तात्यांना बाबाची अट सांगितली.  दुसऱ्या दिवसापासून झडती आणखी कडक झाली.

सहा आठवड्यांनी काम संपलं. भिंतीलगतची लाकडी पट्टी मारायला रफीकभाई आले होते. त्यांच्यासमोर आम्ही पोती, पुठ्ठे, चादरी काढल्या. एक ओरखडा नाही, एक पोचा नाही. रफीकभाईंनी तात्यांना हात जोडले.

तात्या जमिनीकडे पाहत राहिले. मग सावकाश मधे गेले आणि वाकून जमिनीला नमस्कार केला. खळं झालं की करतात तसा. ते वाकले आणि त्यांच्या बंडीच्या खिशातून सुपारीचा अडकित्ता निसटला. टोकावर पडला. टक्.

ज्याने सगळ्या वारज्याची झडती घेतली, त्या माणसाचे खिसे कोणी तपासलेच नव्हते.

ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला. तात्यांनी अडकित्ताही उचलला नाही. चपला उचलल्या आणि गेले.

तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी मी खाली गेले. खिडकीशी बसले होते. "बाई, परीक्षा तुमची व्हती," म्हणाले, "आन् नापास म्या केलं." मी म्हटलं, "अहो, उद्या रफीकभाई येऊन तो बुजवणार आहेत. तुम्ही देखरेखीला नको का?"

आले, पण दाराच्या आत पाऊल ठेवेनात. रफीकभाई मेणाची कांडी गरम करून गुडघ्यावर बसले. "दोन मिनिटांचं काम, तात्या. नंतर शोधूनही सापडणार नाही."

"थांब," तात्या म्हणाले.

आम्ही दोघांनी वर पाहिलं.

"आमचा विलास चार वर्सांचा व्हता. वल्या खळ्यावर धावला. मधोमध पाऊल उठलं, पाची बोटं. म्या त्याला येक ठेवून दिली. आन् शेण घेऊन पाऊल लिंपून टाकलं. असं लिंपलं, का शोधून सापडू न्हाई." मग म्हणाले, "तवा खळं पायजे व्हतं. पाऊल काय, रोजचंच व्हतं."

विलास हिंजवडीत असतो. चांगली नोकरी आहे, मोठं घर आहे. दिवाळीला येतो, तासभर थांबतो, रस्त्यावर गर्दी होईल म्हणून निघतो. हिंजवडी कॅनडापेक्षाही लांब असू शकते, हे मला त्या दिवशी समजलं. आणि खळं होतं तिथे आता पार्किंग आहे.

मी म्हटलं, "रफीकभाई, राहू द्या तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि कांडी बाजूला ठेवली. "मॅडम, या घरात कामाचा क्रम मला शेवटपर्यंत कळला नाही." अडकित्ता मी तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दुरडीत टाकला आणि आत आले.

संध्याकाळी बाबाला फोनवर सगळं घर दाखवलं आणि खळगाही दाखवला. लपवायला तिथे गालिचा टाकता आला असता. पण परीक्षेत लबाडी करायची नाही, असं चौतीस वर्षं मुलांना सांगत आले.

"एवढ्या कामात एकच?" बाबा म्हणाला.

"आणि तोही राखणदाराकडून," मी म्हटलं आणि सगळी हकीकत सांगितली.  त्याने विचारलं, "तात्या रोज येतात का तुझ्याकडे?"

"रोज. चार वाजता."

"मग ठीक आहे." त्यानंतर त्याने कॅनडाचा विषय काढलेला नाही.

मी कधीच कोणाचे फारसे उपकार घेतले नाहीत, त्याचा मला जरा अभिमानच होता. पण आज सकाळी उठून अनवाणी चहा करायला जाते, ती या माणसाच्या जिवावर, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

आलात की खिसे दुरडीत रिकामे करा आणि मग आत या. घरात धावलं तर चालेल का, असं मी तात्यांना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, "नाचू द्या."

बाल्कनीच्या दारापासून तिसऱ्या फळीवर तो खळगा अजून आहे.