पाण्याच्या टाकीचा वेढा

निंबखोरीच्या सार्वजनिक वाचनालयाने आपली जुनी बखर संकेतस्थळावर चढवायला घेतली, आणि वेढ्याचं पान चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार रणोजीराव वाघचौऱ्यांच्या फौजेने गावच्या पाण्याच्या टाकीला वेढा घातला. बखरीत वेढा गढीला होता. पण गढी पाडून तिथे टाकी बांधल्याला बराच काळ लोटला होता, आणि फौजेने त्याबद्दल फारशी खळखळ केली नाही.

ग्रंथपाल वैजयंती खरवंडीकर हिला याचं विशेष नवल वाटलं नाही. आधीची पानंही अशीच घडत गेली होती, फक्त त्यांतले प्रसंग किरकोळ होते. बखरीत मारुतीच्या देवळाला घंटा मिळाली, तशी ती गावातही मिळाली. बखरीत पाटलांना गळू झालं, तेव्हा गावातले वकील पाटील आठवडाभर खुर्चीला टेकू शकले नाहीत. वैजयंती चाळिशीची, एकटी राहणारी. मोडी ती स्वतः वाचायची, पानाचं छायाचित्र आणि शेजारी देवनागरीतला मजकूर असं दोन्ही चढवायची, आणि आपल्या कामात चूक राहिलेली तिला सहन होत नसे.

अडचण अशी होती की वेढ्याच्या पुढचं पान नव्हतं. ते कसरीने पार खाल्लं होतं, शिवणीपाशी नखाएवढा तुकडा उरला होता. त्यामुळे संकेतस्थळावर बखर वेढ्यापाशी येऊन थांबली, आणि फौजही थांबली. तिला हल्ला करता येईना आणि वेढा उठवून जाताही येईना. आठवडी बाजाराच्या मैदानावर राहुट्या पडल्या. नगरपरिषदेने घोड्यांना लसी टोचल्या आणि मैदान वापरल्याची पावती फाडली. टाकीचं पाणी सोडणाऱ्या शिपायाला आतबाहेर करण्यासाठी सरदारांनी रीतसर परवाना दिला. पाणी वेळेवर येत होतं, म्हणून गावानेही तक्रार केली नाही.

फौजेचे कारकून नारो त्र्यंबक रोज सकाळी वाचनालयात येत. दाराशी जोडे काढून, पागोटं सारखं करून ते पुढच्या पानाची चौकशी करत. वैजयंती नाही म्हणे. मग ते वर्तमानपत्रं वाचत बसत. देवनागरी त्यांना येत होती, पण बाजारभावांचं पान वाचताना ते मधूनमधून डोळे मिटून घेत. काही दिवसांनी ती त्यांच्यासाठीही चहा सांगू लागली. आणखी काही दिवसांनी ते तिच्या शेजारी बसून, तिला न लागलेले मोडी शब्द लावून देऊ लागले.

असंच एकदा वेढ्याचं पान बघताना ते थबकले. मजकुरात वैजयंतीने लिहिलं होतं, 'सरदार मोठाले टोप घेऊन चालून आले'. फौज आली होती तीही खरोखर मोठाले टोप घेऊनच. एकेकात गावजेवणाचा भात शिजावा एवढे. ते टाकीकडे तोंडं करून ओळीने मांडले होते.

"बाई, हे टोप नव्हे," नारोपंत हळू आवाजात म्हणाले. "तोफा आहे."

वैजयंतीने भिंग लावून पाहिलं. तोफाच होतं. तिला कानकोंडं झालं. तिने लगेच दुरुस्तीसाठी कळफलक ओढला, तेव्हा नारोपंतांनी तिचा हात धरला नाही, पण कळफलक धरला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की टाकी सिमेंटची आहे आणि पितळी तोफांपुढे ती टिकणार नाही. वैजयंतीला ते पटलं, पण मन मानेना. चुकीचा पाठ जाणूनबुजून ठेवायचा म्हणजे इतकी वर्षं केलेल्या कामावर पाणीच. शेवटी तिने मधला मार्ग काढला आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली: 'येथे तोफ असाही पाठ संभवतो.' दुसऱ्या दिवशी टोपांच्या रांगेच्या शेवटी एक तोफ उभी होती. ती अगदी बारीक होती.

तोफ आली म्हटल्यावर नगरपरिषदेचे मुख्याधिकारी अंभोरे वाचनालयात आले. स्वभावाने ते वाईट नव्हते, पण वरून विचारणा झाली होती. वेढ्याचं पान संकेतस्थळावरून काढून टाकावं, असं त्यांनी सुचवलं. नारोपंत तेव्हा समोरच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

पान काढलं तर ही माणसं जातील कुठे, असं वैजयंतीने विचारलं. फौजेत लोहार आहेत, आचारी आहेत, एक बाई कालच बाळंत झाली आहे. अंभोरे म्हणाले की ती बाई तर बखरीत नाही. वैजयंती म्हणाली, 'फौज सर्व सरंजामासह' असं लिहिलं आहे, त्यात ती येते. मग अंभोऱ्यांनी दुसरा तोडगा काढला. फौज निघून गेली असं एक पान तिनेच लिहून चढवावं; जुन्या भाषेत दोन ओळी, कोण तपासणार आहे?

"खोटं पान मी लिहिणार नाही, साहेब," वैजयंती म्हणाली. "नोकरी गेली तरी."

अंभोऱ्यांनी तिला विचार करायला उद्यापर्यंतची मुदत दिली. जाताना दारात थांबून त्यांनी नारोपंतांना नमस्कारही केला.

खाल्लेल्या पानानंतरचं पान शाबूत होतं. क्रम सोडायचा नाही म्हणून वैजयंतीने ते अजून वाचलंच नव्हतं. आता मधलं पान गहाळ अशी नोंद करून ते चढवण्यात काही खोटं नव्हतं. तिने पेटीतून बखर काढली आणि दोघं डोकं लावून बसले. नारोपंत बोट न टेकवता ओळीवरून फिरवत होते आणि ती मोठ्याने वाचत होती.

"येणेप्रमाणे लग्नसमारंभ यथासांग जाहला. जिलेबीचे भोजन जाहले. सरदार संतोष पावोन फौजेसह स्वस्थानी गेले. कारकून नारो त्र्यंबक तेथेच राहिले."

लग्न कोणाचं, ते खाल्लेल्या पानावर होतं.

निरोप जाताच अंभोरे परत आले आणि सरदारही आले. जिलेबी नगरपरिषद करेल, टोप फौजेकडे आहेतच, असं लगोलग ठरलं. लग्नाचं मात्र अडलं. अंभोऱ्यांनी सामूहिक विवाहाच्या योजनेत कोणी आहे का ते फोनवर विचारलं. त्या वर्षीच्या जोडप्यांची लग्नं होऊन गेली होती. सरदार घाईघाईने म्हणाले की आपल्याला आधीच दोन बायका आहेत आणि त्या दोघी मैदानावर आहेत. शेवटी, गावात कुठे ठरलेलं लग्न सापडतं का ते बघायला दोघं एकत्रच बाहेर पडले.

वाचनालयात दोघंच उरले. नारोपंत बराच वेळ त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिले.

"मी राहिलो असं लिहिलंय," ते म्हणाले. "का राहिलो ते नाही."

"ते मधल्या पानावर असेल."

"मधलं पान नाही."

वैजयंतीने बखरीचं पान हलकेच पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

"नारोपंत, तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"बखरीत माझं नाव एवढ्या एकाच ओळीत आहे, बाई," ते म्हणाले. "मागे कोणी नाही. पुढचं मला ठाऊक नाही."

वैजयंतीने भिंग बाजूला ठेवलं. आपल्याला फार बोलायची सवय नाही, स्वयंपाक साधाच येतो आणि घरात पुस्तकं जास्त आहेत, असं तिने सांगितलं. नारोपंत म्हणाले की आपण घोड्यावरून उतरल्यावर दोन दिवस वाकडं चालतो. तेवढ्यावर ठरलं. तिने मजकूर दोनदा ताडून पाहिला, त्यांनी तिसऱ्यांदा पाहिला, आणि मग तिने पान चढवलं.

लग्न नगरपरिषदेच्या सभागृहात झालं. वैजयंतीचे वडील नव्हते म्हणून कन्यादान सरदारांनी केलं, आणि ते करताना ते सगळ्यांदेखत रडले. जिलेबीची पंगत मैदानावर बसली. गाव आणि फौज एकाआड एक बसले होते. आग्रह एवढा झाला की अंभोऱ्यांना हात धरून उठवावं लागलं. दुपार कलताना राहुट्या उतरल्या, बाळंतिणीला मेण्यात बसवलं आणि फौज डोंगराकडे निघाली. वैजयंती आणि नारोपंत टाकीच्या जिन्यावर उभे राहून बघत होते. शेवटचा घोडा दिसेनासा झाल्यावर नारोपंतांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि तिने त्यांना घरी चला म्हटलं.

विवाह नोंदणीच्या वेळी थोडा खोळंबा झाला. नारोपंतांनी जन्मतारीख शकात सांगितली. लिपिकाने हिशेब करून ती भरली, पण संगणक एकोणीसशेच्या मागचं साल घेईना. मग एकोणीसशेच टाकलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. पुढची सगळी कागदपत्रं त्यावरूनच झाली.

नारोपंत आता वाचनालयात मोडीचे वर्ग घेतात. रविवारी दोघं एसटीने तालुक्याला जातात. वैजयंतीला महिलांचं अर्धं तिकीट पडतं. नारोपंतांचा प्रवास वयोमानामुळे मोफत आहे. कंडक्टर कार्ड बघतो, त्यांच्या काळ्याभोर मिश्या बघतो, पुन्हा कार्ड बघतो.

"खिडकीपाशी बसा, आजोबा," तो म्हणतो, आणि नारोपंत सरकून बसतात.