चाकं असलेली कोणतीही वस्तू

मुंगीनं हेल्मेट काढून दाराच्या कडीला अडकवलं आणि तिच्या आईबाबांचे चेहरे पडले.

"घाल ते परत," आई म्हणाली.

"बाबा आत्ता दुकानात गेला होता. सायकलवरून. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं."

"अगं, कोपऱ्यावर तर गेलो होतो," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात अजून पाव होता. "दोन मिनिटं."

"मी पडले तेव्हा अर्धंच मिनिट झालं होतं."

मुंगी सहा वर्षांची. अकरा दिवसांपूर्वी ती सायकलवरून पडली आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन घरी आली. बाबा दातांचे डॉक्टर. सायकलवरून पडून फुटलेली तोंडं आठवड्याला दोन तरी बघायचे, शांतपणे शिवायचे. पण ते टेंगूळ बघून मटकन खाली बसले होते. त्याच संध्याकाळी घरात तीन हेल्मेटं आली. निळं, काळं आणि मुंगीचं पिवळं. अकरा दिवस तिनं कुरकुर न करता घातलं, एकाच अटीवर: तुम्हीही घालायचं, तुम्ही मोडलंत की मी मोडणार.

आता ते पिवळं हेल्मेट कडीला लटकत होतं आणि मुंगी सायकलची घंटी वाजवत जिन्याकडे निघाली होती.

"थांब," आई म्हणाली. "तुझं बरोबर आहे. याला पक्का नियम पाहिजे. मी लिहिते."

डॉक्टरांनी तिला तिथेच अडवायला हवं होतं. मुंगीची आई विमा कंपनीत पॉलिसीच्या अटी लिहायची. कुणालाही कुठूनही निसटता येणार नाही अशी वाक्यं रचणं हे तिचं चौदा वर्षांचं काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

*नियम. या घरातील कोणतीही व्यक्ती चाके असलेल्या कोणत्याही वस्तूवर अथवा वस्तूत, कोणत्याही कारणाने, कितीही थोडा वेळ बसणार असेल, तर तिने बसण्यापूर्वी हेल्मेट घालून पट्टा लावलाच पाहिजे. एकाने नियम मोडल्यास तो सर्वांसाठी मोडला असे धरले जाईल. बदल करायचा झाल्यास तिघांच्या सह्या लागतील. अपवाद : नाही.*

"‘वस्तू’ कशाला? ‘सायकल’ लिही की सरळ," डॉक्टर म्हणाले.

"सायकल लिहिलं की उद्या स्कूटर निघेल, परवा स्केट्स निघतील. फट ठेवायची नसते."

मुंगीनं एकेका शब्दावर बोट ठेवून सगळं वाचलं. ‘अपवाद’ म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग भली मोठी सही केली. कागद फ्रिजवर गेला, हेल्मेट डोक्यावर गेलं, आणि आईबाबांनी सुटकेचा श्वास सोडला.

सुटका रविवारपुरती होती.

सोमवारी सकाळी दहाला आईची कंप्युटरवर मीटिंग होती. मुंगीच्या शाळेला सुट्टी होती. मोठे साहेब, धाकटे साहेब आणि आणखी नऊ जण पडद्यावर जमले होते. आईनं खुर्ची पुढे ओढली आणि ती बसणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"आई, तुझ्या खुर्चीला पाच चाकं आहेत."

आईनं खाली पाहिलं. होती. इतकी वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती, पण ही बाब तिच्या ध्यानात आलीच नव्हती. दारात मुंगी काळं हेल्मेट घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात पिवळं होतं, आणि ते तिनं कडीच्या दिशेनं हळूच उचललं.

पडद्यावरच्या अकरा जणांना पुढे दिसलं ते असं: बाई खाली वाकल्या आणि हेल्मेट घालून वर आल्या. पट्ट्याचा टक् असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"तिकडे सगळं ठीक आहे ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो सर. सुरू करू या."

"छत वगैरे?"

"छत चांगलं आहे सर. माझ्या खुर्चीला चाकं आहेत."

साहेबांनी मान हलवली आणि सगळ्यांदेखत आपल्या खुर्चीखाली वाकून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण ऑफिसला बातमी पोचली की बाईंचं घर कोसळतंय आणि तरी त्या काम सोडत नाहीत. दुपारी धाकट्या साहेबांचा निरोप आला: महत्त्वाची कागदपत्रं घेऊन आधी बाहेर पडा, अहवालाचं नंतर बघू.

मग संध्याकाळी तिघं बस पकडायला गेले, तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"चढा ताई, पटपट."

"एक मिनिट हं. मुंगी, पट्टा लाव. बाबा, तुझा राहिलाय."

"हे काय चाललंय?"

"काही नाही, हेल्मेट घालतोय."

"माझ्या बसमध्ये?"

"तुमची बस म्हणून नाही हो. बस म्हणून."

"ताई, एकवीस वर्षं झाली, गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही."

"आमचं तुमच्याबद्दल काही म्हणणंच नाही."

"मग ते मागचे लोक का उतरतायत?"

मागचे लोक खरंच उतरत होते. एक आजोबा खाली उतरून डॉक्टरांच्या कानाशी लागले. "तुम्हाला काही कळलंय का? आम्हालाही सांगा." डॉक्टर म्हणाले, नाही हो, घरचाच नियम आहे. आजोबांनी त्यांच्याकडे ‘सांगायचं नसेल तर नका सांगू’ अशा नजरेनं पाहिलं आणि ते रस्ता ओलांडून पायी निघून गेले. बस सुटली तेव्हा आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि हे तिघं होते. ड्रायव्हर सबंध रस्ताभर आरशातून बघत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

दवाखान्यात सिस्टर रोजची नोंदवही ठेवायच्या. बाई फार काटेकोर. मंगळवारपासून शाळा सुटली की मुंगी तिथेच यायची, कोपऱ्यातल्या बाकावर बसून चित्रं काढायची आणि सहाला आई येऊन तिला घेऊन जायची. मंगळवारचं पान असं:

*४.१० मुख्याध्यापक. खालची दाढ. इंजेक्शन दिले. मुलीने डॉक्टरांच्या स्टुलाची चाके मोजली. डॉक्टरांनी हेल्मेट घातले. पेशंटने जिभेला बधिरपणा असूनही कारण विचारले. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यामुळे नाही, स्टुलामुळे." पेशंट गळ्यातल्या कापडासकट गेले.*

*४.३० बाहेर बसलेल्या तिघांनी दात दुखायचे थांबल्याचे सांगितले.*

*४.५० हेल्मेट दिव्यावर आपटले. दिवा वाकडा. पेशंट ओरडला. त्याला काहीही लागलेले नाही.*

*५.१५ पाच वर्षांची पेशंट. आजवर चार वेळा तोंड न उघडता परत गेलेली. आज उघडले. म्हणाली, डॉक्टर माझ्याहून जास्त घाबरलेत.*

डॉक्टरांनी साडेपाचला आतल्या खोलीत जाऊन बायकोला फोन लावला.

"नियमात बदल कर. आजच्या आज."

"तिघांच्या सह्या लागतात."

"हे असलं कोणी लिहिलंय?"

"मीच. मी दुपारी पुन्हा वाचलं. फार घट्ट झालंय रे, कुठेच फट नाही." तिच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. "तू उभ्यानं काम कर ना."

"दाढेत? उभ्यानं? माझी कंबर जाईल."

"मग ती नसताना घालू नकोस."

"ती म्हणते, रोज सिस्टरना विचारणार, सकाळी बाबांनी घातलं होतं का म्हणून. आणि सिस्टर वही उघडून दाखवतील."

मग आई म्हणाली, "हे बघ, काल खाली सायकल चालवताना एक टेम्पो तिच्या किती जवळून गेला माहीत आहे? हातभर. हेल्मेट होतं म्हणून मी नुसती थरथरले. नसतं तर काय झालं असतं मला माहीत नाही. लोक हसू देत. तू घाल."

डॉक्टरांनी घातलं. बुधवारीही घातलं. सिस्टर दर पेशंटनंतर ते स्पिरिटनं पुसून खुंटीला टांगायच्या.

गुरुवारी सव्वापाचला दार धाडकन उघडलं आणि एक माणूस तोंडावर रुमाल दाबून आत आला. शर्टावर रक्त, कपाळ सोललेलं, गुडघा फुटलेला. त्याच्या मागे चारेक वर्षांची एक मुलगी होती. डोक्यावर केशरी हेल्मेट, पट्टा नीट लावलेला. तिच्या अंगावर धुळीचा कणही नव्हता. दोन्ही हातांच्या ओंजळीत दुधाची वाटी धरून ती सांडू न देता चालत होती.

"यात बाबाचा दात आहे," ती म्हणाली.

सिस्टरांच्या हातातला ट्रे पडला. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि ते कामाला लागले. मुळापासून निखळलेला दात दुधात टिकतो, पण परत बसायचा तर एकेक मिनिट मोलाचं असतं. दात धुतला, जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. ओठाला दोन टाके, कपाळाला तीन. पाऊण तास खोलीत फक्त लाळ ओढणाऱ्या नळीचा आवाज होता. मग डॉक्टरांनी मास्क खाली ओढला, पाठ सरळ केली, आणि समोर खुंटीवर त्यांना निळं हेल्मेट दिसलं.

ते सावकाश वळले. बाकावर मुंगी त्या छोट्या मुलीचा हात धरून बसली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"कसे पडलात?" डॉक्टरांनी पेशंटला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"पोरीला दाखवत होतो," तो बधिर ओठांनी म्हणाला. "ब्रेक कसा लावायचा ते."

मुंगी उठून खुर्चीजवळ आली. "काका, तुमच्याकडे हेल्मेट आहे का?"

"आहे की. ते काय, तिच्या डोक्यावर."

"तिचं नाही विचारलं."

माणसानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वाकड्या दिव्याकडे पाहिलं.

"बाबाचं डोकं मोठं आहे," छोटीनं समजावलं. "मोठ्या डोक्याला लागत नाही. बाबाच म्हणतो." मग तिची नजर कपाळाच्या पट्टीवर गेली आणि तिथेच थांबली. माणसानं पट्टीवर हात ठेवून ती झाकायचा प्रयत्न केला. पट्टी मोठी होती.

मुंगीनं खुंटीखाली जाऊन टाचा उंचावल्या. खुंटीवरचं निळं हेल्मेट काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, हे डॉक्टरसाहेबांचं..."

"त्याला आज नाही लागणार. त्यानं नियम मोडलाय."

तेवढ्यात मुंगीची आई आली. हेल्मेट घातलेलंच होतं. तिनं रक्ताळलेला कापूस पाहिला, नवऱ्याचं मोकळं डोकं पाहिलं, आणि दाराची चौकट धरली. बाहेर रस्ता संध्याकाळच्या गाड्यांनी भरून वाहत होता. मुंगीची सायकल पायरीला टेकून उभी होती.

इतक्या गडबडीत वेळ कुठे होता, असं डॉक्टरांना म्हणता आलं असतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. कागदावर ‘अपवाद’ या शब्दापुढे काय लिहिलंय हे दोघांनाही पाठ होतं.

"हो," ते म्हणाले. "मोडला मी. विसरलो. मुंगी, माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण तू..."

टक्. मुंगीनं पिवळं हेल्मेट चढवून पट्टा लावला होता.

"मी मोडणार नाहीये," ती म्हणाली. "मला तारेनं दात बांधून नाही घ्यायचा."

आईनं चौकट सोडली. डॉक्टर जागचे उठले ते थेट मुंगीला कडेवर घेण्यासाठी, पण तिनं हातानं त्यांना थांबवलं.

"पण तू सायकलवर बसायचं नाहीस. तुझं हेल्मेट काकांकडे आहे."

"मग मी घरी कसा येऊ?"

"चालत."

घर सव्वादोन किलोमीटरवर होतं. दोन सायकलींवर पुढे पिवळं हेल्मेट, मागे काळं हेल्मेट, आणि कडेकडेनं सायकल हातात धरून डॉक्टर, दिवसभर वाकून दुखणारी कंबर सांभाळत. पाचच मिनिटांत छोटीचा बाबा निळं हेल्मेट घालून, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून, हळूहळू त्यांना मागे टाकून गेला. छोटीनं पुढच्या सीटवरून हात हलवला. मुंगी दर खांबापाशी थांबून म्हणायची, "बाबा, चल ना लवकर."

मोठ्या चौकात सिग्नल लागला. शेजारी एक बाई सायकलवर होती. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागे बसलेल्या तिच्या मुलाचं मात्र हँडलला लटकत होतं आणि दोघांचं त्यावरून बरंच काही चाललेलं होतं. पोर आपलं हटून बसलं होतं. त्याचं लक्ष डॉक्टरांकडे गेलं.

"आई, ते काका सायकल असून का चालतायत?"

बाईनं डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोकळं डोकं, घामेजलेलं तोंड, बाहीवर रक्ताचा डाग.

"त्यांनी हेल्मेट नाही घातलं ना," ती म्हणाली. "मग असंच होतं."

पोरानं डागाकडे पाहिलं. मग गुपचूप हात पुढे केला, हेल्मेट घेतलं आणि डोक्यावर चढवलं.

सिग्नल सुटला. डॉक्टर क्षणभर जागीच थांबले. मग त्यांनी बाही जरा पुढे धरली, म्हणजे डाग नीट दिसेल, आणि लंगडत लंगडत, मागच्या सायकलींवरच्या सगळ्या पोरांना बघता येईल इतक्या हळू चौक ओलांडला.