लिहिणाऱ्याने तपासू नये

आमचे शेजारी नामदेवराव कुंभलकर घराला कुलूप स्वतः लावत, पण ते ओढून पाहायला मला बोलावत.

"भाऊ, जरा ओढून पाहा."

"तुम्हीच लावलं ना?"

"म्हनूनच त. मीच लावलं अन् मीच ओढलं, त मले बरोबरच लागन."

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत हे सर्वांना ठाऊक होते. पत्र लिहिले की पाकीट बंद करण्याआधी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. एकदा भाजीची वाटी घेऊन आले, मीठ पाहायला. मागून त्यांच्या पत्नी शांताबाई ओरडल्या, "उद्या मी जित्ती हाओ का मेली, थेई शेजाऱ्यालेच इचारजा!"

"इचारीन ना," नामदेवराव म्हणाले. ते हसले नाहीत.

हा स्वभाव जन्मजात नव्हता. शांताबाईंनी सांगितलेली हकीकत ते आमच्या शेजारी राहायला येण्याच्या वर्षभर आधीची आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नामदेवराव वर्ध्याच्या एका रुग्णालयात कारकून होते. तिथे संगणक आला आणि रक्तदात्यांची यादी त्यावर चढवण्याचे काम त्यांच्याकडे आले. नाव, पत्ता, रक्तगट. दर शनिवारी ते यादीची प्रत फ्लॉपीवर घेत. यंत्र ती स्वतःच तपासे आणि बरोबर असल्याचा निर्वाळा पडद्यावर देई. नामदेवराव वहीत सही करत. त्या सह्यांच्या भरवशावर जुनी कागदी नोंद रद्दीत गेली.

मग एका उन्हाळ्यात यंत्र जळाले. नागपूरहून दुसरे आले. ते बसवले त्याच दुपारी अल्लीपूरची एक बाळंतीण आणली गेली. रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह, आणि त्या गटाची बाटली शिल्लक नव्हती.

"साहेब, रक्त देनाऱ्याईचे नावं हायेत ना तुमच्यापाशी?" तिच्या नवऱ्याने विचारले.

"हायेत," नामदेवराव म्हणाले.

त्यांनी फ्लॉपी घातली. नव्या यंत्राला ती वाचता आली नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. कपाटातल्या सगळ्या घालून झाल्या. नवरा दारात उभाच होता. संध्याकाळी बाई गेली. मूल वाचले.

नागपूरच्या कारागिराने नंतर कारण सांगितले. जुन्या यंत्राचा फ्लॉपी चालवणारा भाग किंचित सरकलेला होता. तो वाकडे लिही आणि तितकेच वाकडे वाची, म्हणून त्याला स्वतःचे प्रत्येक अक्षर बरोबर दिसे. इतर कोणत्याही यंत्राला ते वाचता येणार नव्हते. चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही.

नामदेवरावांनी यादी नव्याने करायला घेतली. रविवारी सायकल, लांबच्या गावांना एसटी. दार वाजवून विचारत, "रक्त देल्लं होतं काय कधी? कार्ड दाखवा." तोंडी उत्तर चालत नसे. नोंद करून झाली की वही घरातल्याच कोणाच्या तरी हातात देत आणि वाचून दाखवायला सांगत. नव्या यादीची प्रत ते दर शनिवारी दुसऱ्या कचेरीत नेऊन तिथल्या यंत्रावर उघडून पाहत. तिथले कारकून त्यांना 'शनी' म्हणत. त्यांना ते माहीत होते.

आमच्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले. शेजारीच असल्यामुळे राहून गेले होते. मी काही वर्षांपूर्वी त्याच रुग्णालयाच्या शिबिरात रक्त दिले होते. कार्ड ट्रंकेच्या तळाशी सापडले. त्यावर नालवाडीचाच पत्ता होता. रुग्णालयापासून सायकलने दहा मिनिटे.

नामदेवरावांनी ते वाचले, वहीत उतरवले, आणि रीतीप्रमाणे वही माझ्याकडे दिली.

"ओ निगेटिव्ह," मी वाचले.

त्यांनी वही परत घेतली. म्हणजे बुडालेल्या यादीत माझे नाव होते. मी विचारले, "त्या बाईला आणलं, ती तारीख कोणती?"

त्यांनी तारीख सांगितली. मग घाईने म्हणाले, "तुमी पेपरवाले मानसं. दौऱ्यावर असान त्या दिवशी."

"असेन," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी त्या वर्षाची डायरी काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात दोन नोंदी होत्या: 'रजा. दिवसभर घरी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवरावांनी नेहमीप्रमाणे कुलूप ओढायला बोलावले. पुढे सात वर्षे आम्ही शेजारी होतो. डायरी दाखवा, असे ते कधी म्हणाले नाहीत.