आत्याबाईंची तपासणी

"भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलंय," थोरली फोनवर म्हणाली, "आणि बाबा, या खेपेला मी तुमचं काही एक ऐकणार नाही."

नाना गाडीच्या मागच्या चाकाखाली वीट सरकवत होते. फोन खांद्याच्या आणि कानाच्या मध्ये दाबून धरलेला. "अगं, पण कंपनीचं उत्तर तर येऊ दे!"

"कंपनीचं उत्तर? मी शाळेत होते तेव्हापासून येतंय ते. आता माझी मुलगी शाळेत जाते."

"न्याय मिळायला वेळ लागतो."

"त्या गाडीत बसलं तर न्यायाच्या आधी स्वर्ग मिळेल," असं म्हणून थोरलीनं फोन ठेवला. ती दातांची डॉक्टर. काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे एकदा ठरवलं की मागे हटत नसे.

गाडी म्हणजे एक दांडगी, उंच, सात जणांची एसयूव्ही. घरात आली तेव्हा धाकटी जेमतेम बोलायला लागली होती. गाडीचं रुंद बूड, घोगरा आवाज आणि अख्खी गल्ली अडवून उभं राहायची ऐट पाहून तिनं लगेच नाव ठेवलं, 'आत्याबाई'. खऱ्या आत्याबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या बरेच दिवस घराकडे फिरकल्या नाहीत. गाडीचा हा पहिला फायदा, असं नानांची बायको, माई, म्हणे. दुसरा तिला अजून सापडायचा होता.

तोटे मात्र पहिल्या वर्षातच दिसायला लागले. गाडी उजवीकडे वळली की पुढचं डावं दार आपोआप उघडे. चढ लागला की नानांची सीट त्यांना घेऊन मागे सरके आणि नानांचे पाय हवेत. उतारावर उभी केली की हँडब्रेक हळूहळू स्वतःच खाली येई. आणि गतिरोधक आला की डिकीचं झाकण आ वासून उभं राही. नानांनी तक्रार केली. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला मेकॅनिक आवारातल्या सपाट फरशीवर ती एकदा पुढे घ्यायचा, एकदा मागे घ्यायचा आणि सांगायचा, "दोष आढळला नाही."

आता गंमत अशी, की नानांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. लोकांचे दावे तपासायचे आणि जमलं तर फेटाळायचे, हे त्यांचं काम. "पुरावा काय?" एवढं विचारून त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलेलं. तोच प्रश्न गाडीच्या कंपनीनं त्यांना विचारला, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणत होता, "नाना, एका दुपारचं काम आहे, सोडा माझ्याकडे." पण नाना बधले नाहीत. चूक कंपनीची, तेव्हा दुरुस्तीही कंपनीनंच करायची! दिवाणखान्याच्या दर साफसफाईला नव्या तक्रारीची प्रत सोफ्याखाली सापडे आणि माई ती झुरळासारखी चिमटीत धरून बाहेर आणी.

तोवर घरातल्या घरात सोय झाली. माई पुढे बसून डावं दार धरी. मधला नानांच्या मागे बसून त्यांच्या सीटला दोन्ही गुडघे टेकवी. थोरली मध्ये बसून हँडब्रेक वर ओढून धरी. आणि धाकटी सगळ्यात मागे, डिकीच्या झाकणाला बांधलेली दोरी दोन्ही हातांनी ओढत बसे. "वळण!" म्हणून नाना ओरडले की माई सज्ज, "चढ!" म्हटलं की मधला. एकदा समुद्रावर जाताना धाकटीला डुलकी लागली आणि गतिरोधकावर डिकी उघडून पेटीतले सगळे कपडे रस्त्यावर पडले. मागच्या बसच्या ड्रायव्हरनं पुढच्या थांब्यावर गाठून नानांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी काठीवर धरून परत केली, तेव्हा अख्खी बस टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी नाना किती चिडले होते! आणि पोरं समुद्र येईपर्यंत हसत होती.

मग पोरं एकेक करून घराबाहेर पडली. थोरलीचं लग्न झालं, तेव्हा हँडब्रेकच्या जागी चाकाखाली वीट आली. मधला नोकरीसाठी लांब गेला आणि नानांच्या सीटमागे वाळूचं पोतं आलं. धाकटी होस्टेलवर गेली, तिची दोरी मागच्या सीटच्या पायाला बांधली. माई तेवढी जिथल्या तिथे होती. पण वाळूचं पोतं काही भांडत नाही, आणि "अजून किती लांब?" असंही विचारत नाही. नाना गाडी काढायचे ते फारसं कुठं जायचं म्हणून नव्हे. आरशात पाहिलं की मागे तीन डोकी असायची ती जागा दिसायची, म्हणून. हे ते कुणाला सांगत नसत. गाडी भंगारात गेली तर ती जागाही जाणार होती.

आणि थोरलीचा फोन आला त्याच संध्याकाळी कंपनीचाही आला. जुन्या मॉडेलच्या पडून राहिलेल्या तक्रारी निकालात काढायचं वरून ठरलं होतं. शनिवारी निरीक्षक येईल. दोष डोळ्यांनी दिसला तर कंपनी जबाबदारी घेईल.

"म्हणजे दुरुस्त करून देतील!" नाना नाचायचे बाकी राहिले. "मग भंगारवाल्याचं काय काम?"

"आणि दोष नाही दिसला तर?" माईनं विचारलं.

"न दिसायला काय झालंय? एवढा ढळढळीत दोष! पण तक्रारीत म्हटलंय तीच माणसं गाडीत हवीत, अशी त्यांची अट आहे. पोरांना बोलाव."

पोरं आली. कुरकुरत आली, पण आली. नानांनी पोतं, वीट, दोरीच्या गाठी सगळं काढून टाकलं. शनिवारी सकाळी निरीक्षकबाई हजर झाल्या. वयानं थोरलीएवढ्याच, शांत, हातात कागद लावलेली फळी आणि डोक्यावर हेल्मेट.

"गाडीत हेल्मेट?" मधल्यानं विचारलं.

"तुमच्या बाबांच्या तक्रारी वाचून आलेय," त्या म्हणाल्या.

सगळे जुन्या जागांवर बसले. निरीक्षकबाई थोरलीच्या शेजारी, खिडकीपाशी. गाडी सुरू झाली मात्र, तीन शिकलीसवरलेली माणसं एकदम लहान पोरं झाली.

"तुझं कोपर काढ."

"तुझं ढुंगण काढ आधी."

"आई, बघ ना हा!"

"गप्प बसा, नाहीतर खाली उतरवीन," नाना म्हणाले, आणि हे वाक्य आपण किती वर्षांनी बोललो असं वाटून त्यांनी ते उगाचच पुन्हा एकदा म्हटलं.

उजवं वळण आलं. दार उघडलं नाही. चढ आला. सीट जागची हलली नाही. उतारावर गाडी उभी केली, ती खांब रोवल्यासारखी उभी राहिली. गतिरोधक गेला आणि डिकी मिटल्या तोंडाची.

निरीक्षकबाईंनी फळीवर खुणा केल्या. "काका, गाडी उत्तम आहे."

"असं कसं?" नाना चमकले. त्यांनी आरशात पाहिलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला. माईचा हात दाराच्या कडीवर. मधल्याचे गुडघे पाठीत. थोरली आपल्या आईशी बोलत होती आणि हात मात्र हँडब्रेकवर. धाकटीनं तर दोरी मनगटाला गुंडाळून घेतली होती. "अरे, हात काढा! तुम्हीच धरून बसलात तर दोष दिसणार कसा?"

"अय्या, मी धरलं होतं?" माई म्हणाली.

दुसरी फेरी. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले. वळण आलं आणि नाना सवयीनं ओरडले, "वळण!" झालं. माईचा हात सुटला तो थेट कडीवर.

तिसऱ्या फेरीला माई स्वतःच्या हातावर बसली, तर ऐन वळणावर तिनं कोपरानं दार दाबलं. मधल्यानं पाय वर घेऊन मांडी घातली, चढ आला तसा डोक्यानं रेटा दिला. "माझ्या बापाची पाठ आहे ती, मी काय करू?" असं वर म्हणाला. निरीक्षकबाईंनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"काका, मला पुढच्या तपासणीला जायचंय. मी लिहिते, दोष..."

"थांबा!" नाना घायकुतीला आले. "तुम्ही एकट्या चला माझ्याबरोबर. हे सगळे उतरतील."

सगळे रस्त्याच्या कडेला उतरले, एका टायरच्या दुकानासमोर. निरीक्षकबाई माईच्या जागी बसल्या आणि गाडी कोपऱ्यावरून उजवीकडे दिसेनाशी झाली. आधी एक किंकाळी ऐकू आली. मग धाडकन आवाज. मग नानांचं "अहो धरा, धरा!" आणि त्यावर "काय धरू?" टायरवाला दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं आत्याबाई परत आल्या. डावं दार सताड उघडं, डिकी आभाळाकडे, आणि ड्रायव्हरच्या जागी कुणीच नाही. नीट पाहिलं तर दूर मागे नाना होते, हात लांबवून बोटांच्या टोकांनी स्टिअरिंग धरलेले. गाडी गोगलगायीच्या चालीनं येत होती आणि चढ संपला म्हणून बरं. थांबल्यावर नाना खाली उतरले, निरीक्षकबाई उतरल्या, आणि गाडी स्वतःहून आणखी थोडी पुढे जाऊन टायरच्या ढिगाला टेकली.

निरीक्षकबाईंचे केस सुटले होते. "काका," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तुमची एकूण एक तक्रार खरी आहे."

"पुन्हा म्हणा."

"खरी आहे!"

"जरा मोठ्यानं. हिला ऐकू दे." नानांनी माईकडे बोट दाखवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मधल्यानं बापाला चक्क उचललं. सगळ्या आयुष्यात नाना एवढे खूश झाले नव्हते.

"तेव्हा," निरीक्षकबाई म्हणाल्या, "ही गाडी आता रस्त्यावर आणायची नाही. भाग बनायचे केव्हाच बंद झालेत. कंपनी गाडी परत घेईल, आजच. मी क्रेन मागवते."

टाळ्या थांबल्या. नाना मधल्याच्या हातातून खाली आले.

"परत घेईल? का?"

"दोष आहेत ना."

"कसले दोष? अहो, म्हातारपणी माणसाचंही थोडं इकडेतिकडे व्हायचंच. दार वारा यायला उघडतं."

"तुम्हीच लिहिलंय, 'हे वाहन नसून चाकांवरचा सापळा आहे.'"

"रागाच्या भरात माणूस काहीही लिहितो."

"'या गाडीत कुटुंबाला बसवणं म्हणजे गुन्हा आहे.'"

"ते हिनं सांगितलं होतं लिहायला."

"मी?" माई उसळली. "मी कागदाला हात तरी लावलाय का कधी?"

नाना हेका सोडीनात. आयुष्यभर ज्यांनी इतरांचे दावे फेटाळले, ते आता स्वतःचाच दावा तावातावानं फेटाळत होते. पण निरीक्षकबाईंनी स्वतः हवेत लोंबकळून पुरावा घेतला होता. क्रेन आली. आत्याबाईंचं रुंद बूड वर उचललं गेलं तेव्हा नाना टायरवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसले आणि चष्मा पुसू लागले. थोरली शेजारी उभी राहिली. भंगारवाल्याला तिनं तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

"बाबा, नवी घेऊ आपण. छान, सुरक्षित."

"घ्या की," नाना म्हणाले. "तिच्यात बसायला कोण येणार आहे?"

निरीक्षकबाई जायला निघाल्या होत्या, त्या हे ऐकून घुटमळल्या. म्हणाल्या, "काका, गाडी मोडीत नाही घालायची. आमच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवू. एवढे सगळे दोष एका गाडीत मिळणं कठीण असतं हो. शिकणाऱ्यांना दाखवायला तुम्ही याल का?"

नाना दर आठवड्याला केंद्रात जाऊ लागले. सोबत माई. केंद्राच्या आवारात वर्तुळाकार रस्ता होता, एक छोटा चढही. नव्या मेकॅनिकांचा वर्ग वह्या उघडून बसला होता. नानांनी दोष सांगायला सुरुवात केली आणि गाडीच्या अख्ख्या हयातीत पहिल्यांदा कुणी मध्येच "पुरावा काय?" म्हणून विचारलं नाही. दाराचं सांगता सांगता समुद्र आला, चड्डी आली, वर्ग हसून लोळला. पुढच्या आठवड्यात वर्गच म्हणाला, नाना, तो चड्डीचा दिवस पुन्हा सांगा. नानांची कळी खुलली. पोरांनाही फोनवरून सगळं कळे, आणि सुट्टीत आपणही येऊन बसू, असं तिघंही म्हणाली.

आणि एका आठवड्यात गेटपाशीच वर्ग उभा दिसला. सगळ्यांची तोंडं उजळलेली.

"नाना, तुमच्यासाठी एक गंमत आहे. बसा गाडीत."

नाना बसले. माई शेजारी बसली. गाडीनं उजवं वळण घेतलं. दार मिटलेलंच. चढ चढली, सीट घट्ट. उतारावर थांबली, तिथेच राहिली. जुने भाग मिळेनात म्हणून वर्गातल्या पोरांनी स्वतः घडवून बसवले होते. सगळा वर्ग टाळ्या वाजवत बाजूनं धावत होता. नानांनी काच खाली करून शाबासकी दिली, मनापासून दिली. मग काच वर केली आणि गाडी आवाराच्या टोकाला नेऊन उभी केली.

माई आपल्या मांडीवरच्या मोकळ्या हाताकडे बघत होती.

"अहो."

"काय?"

"कागद आहे का?"

"कशाला?"

"लिहा. पुढचं डावं दार. उजव्या वळणावर उघडत नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मी बसते इथे इतकी वर्षं, मला माहीत नाही? हे दार असं नसतं. लिहा, पूर्वी होतं तसं करून मिळावं. आणि जरा नीट अक्षरात लिहा."

नानांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर खाली सही ठोकली. माईनं कागद ओढून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, आणि त्याखाली आपलीही सही केली.