रवळू नांदायला गेला

रवळू मॅट्रिक पास झाल्याची बातमी आली तेव्हा त्याची आई नागुबाई शेणी थापत होती. तिनं तशाच हातांनी देवाला नमस्कार केला आणि लगेच रडायला बसली. पोरगा पास झाला याचं तिला दुःख नव्हतं. पण पास झालेल्या पोरानं आता बेळगावच्या कॉलेजात जाऊन तिथंच राहायचं असतं, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं.

तोवर रवळू रोज पहाटे खानापूरच्या हायस्कुलात चालत जाई आणि दिवेलागणीला चालत घरी येई. दुसऱ्याच्या घरी तो कधी मुक्कामाला राहिला नव्हता. खरं म्हणजे त्या गावातला कुठलाच पुरुष शिक्षणासाठी बाहेर राहिला नव्हता. माणूस गाव सोडून परक्या ठिकाणी कायमचा राहायला जातो, हा अनुभव गावात फक्त लेकींना होता. त्यामुळे कॉलेजात कसं वागावं हे सांगण्याचा अधिकार आपोआपच शेजारच्या बायाक्काकडे आला.

बायाक्कानं स्वतःच्या, दिराच्या आणि आळीतल्या मिळून कितीतरी लेकी सासरी धाडल्या होत्या आणि त्यांतली एकही भांडून परत आली नव्हती. हा तिच्या उपदेशाचा गुण, असं ती म्हणे. परत आलं तर बायाक्काला तोंड द्यावं लागेल ही भीती, असं आळी म्हणे.

"हे बघ रवळ्या," ती अंगणात ठाण मांडून म्हणाली, "हायस्कूल म्हंजे माहेर. तितं कसंबी वागलास, चाललं. कॉलेज म्हंजे सासर. तितं तसलं चालत न्हाय."

"पण आक्का, तितं प्रोफेसर असत्यात."

"असूंदेत की! सासू काय आन् प्रोफेसर काय, पयल्या दिवशी दोघंबी मानच बघत्यात. वर हाय का खाली हाय. तू खाली ठेव. कुणी हाक मारली तर लांबून ओ द्यायची न्हाय. जवळ जाऊन गुमान हुबं ऱ्हायाचं. समद्यांच्या आधी उठायचं, समद्यांच्या मागनं जेवायचं. काम सांगितलं तर न्हाय म्हणायचं न्हाय."

"आणि तिथलं रडगाणं हितं आणायचं न्हाय," नागुबाईनं डोळे पुसत भर घातली.

रवळूचे वडील तो लहान असतानाच गेले होते. घरात कर्ता म्हणजे चुलता, आण्णाप्पा. हा आण्णाप्पा पंचक्रोशीतला नामांकित मुराळी होता. सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला कुणीतरी जावं लागतं आणि ते काम नाजूक असतं. विहीण रुसलेली असते, व्याह्याला जुना मानपान आठवतो. आण्णाप्पा मात्र ज्या दारात गाडी सोडी तिथून लेक घेतल्याशिवाय कधी उठला नव्हता. त्यानं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नगो. पयल्या पंचमीला मी न्यायला येतोय."

रवळू गाडीत बसला. बायाक्कानं त्याच्या पदरात, म्हणजे पदर नसल्यामुळे टोपीत, नारळ घातला.

वसतिगृहाच्या दारात पोचल्यावर पहिली अडचण आली. कुणी 'आत ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हेही बायाक्कानं बजावलं होतं. रवळू वळकटी घेऊन उभा राहिला. मुलं येत होती, जात होती. आत ये असं कुणी म्हणेना, कारण आत यायला परवानगी लागते हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. शेवटी निपाणीकडच्या एका इनामदाराचा मुलगा, अप्पासाहेब, टांग्यातून उतरला.

"ए, उभा काय राहिलास? ही ट्रंक घे आत."

रवळूला हायसं वाटलं. त्यानं ट्रंक उचलली आणि उजवा पाय आधी टाकून उंबरा ओलांडला.

दोघांची खोली एकच निघाली. अप्पासाहेबानं कोट काढून हवेतच सोडला. घरी तो खाली पडायच्या आत गड्यानं झेलायची रीत होती. रवळूनं झेलला.

"तू या खोलीचाच का रं?"

रवळूनं मान हलवली. प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही खरंच होतं.

"लई बेस झालं," अप्पासाहेब म्हणाला, आणि त्यानं बूट काढायला पाय पुढे केले.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी सुरू झाली. हायस्कुलात रवळू 'हजर' म्हणून असा ओरडे की मास्तर दचकत. पण ते माहेर होतं. इथं नाव पुकारल्यावर तो उठला, खाली मान घालून सगळ्या बाकांमधून चालत गेला आणि प्रोफेसरांच्या टेबलापाशी गुमान उभा राहिला. प्रोफेसरांनी हजेरीची वाट पाहिली, उत्तर आलं नाही, म्हणून गैरहजेरीची खूण केली. मग शेजारी कुणीतरी उभं आहे असं त्यांना जाणवलं.

"आलास का? खडू संपलाय. घेऊन ये."

रवळूनं खडू आणला. पुढच्या तासाला दुसऱ्या प्रोफेसरांना पाणी हवं होतं, तिसऱ्यांना नकाशा. काम सांगितलं तर नाही म्हणायचं नव्हतं. आणून देईपर्यंत तास सरत आलेला असे, आणि परत बाकावर जाऊन बसावं तर मोठ्यांसमोर बसणं आलं. म्हणून तो दाराआड उभा राहून व्याख्यान ऐके. त्याला सगळं समजत होतं. फक्त ते आपल्यासाठी चाललंय असं कुणाच्या वागण्यातून दिसत नव्हतं.

कॉलेजचा खरा शिपाई शामू. आपल्याला न विचारता साहेबांनी मदतनीस नेमला म्हणून तो आधी चिडला. पण सकाळी येऊन पाहतो तो व्हरांडा झाडलेला, माठ भरलेले. त्याचा राग दुपारपर्यंत उतरला आणि त्यानंतर तो सकाळी येईनासाच झाला. आषाढात त्यानं आपला पितळी बिल्ल्याचा पट्टा रवळूच्या गळ्यात अडकवला.

"घाल. तुला शोभतोय."

वडीलधाऱ्यानं अंगावर घातलेलं काढायचं नसतं. रवळूनं घातला.

रात्री मात्र त्याला झोप येत नसे. कॉलेज असंच असतं का? बाकीची मुलं उशिरा उठत, आधी जेवत, प्रोफेसरांना उलट प्रश्न विचारत, आणि तरी त्यांचं कौतुक होई. पण ती सगळी या घरच्याच लेकी असाव्यात आणि आपण एकटेच सून, अशी त्यानं मनाची समजूत घातली. घरी कळवायचा प्रश्नच नव्हता.

नागपंचमी चार दिवसांवर आली असताना हेडक्लार्कनं त्याच्या हातात एक कागद आणि खळीची वाटी दिली. "बोर्डावर लाव."

रवळूनं खळ लावता लावता कागद वाचला. कॉलेज सुरू झाल्यापासून एकदाही वर्गात न आलेल्या विद्यार्थ्याचं नाव पटावरून कमी करण्यात येत आहे. खाली एकच नाव होतं. त्याचं.

नाव गेलं म्हणजे कॉलेज गेलं. आणि गावात कुणी परत आलेलं नव्हतं. बायाक्काच्या उपदेशाला लागलेला पहिला डाग आपण ठरणार! त्यानं ओठ घट्ट मिटले, कागद बोर्डावर सरळ धरला आणि चारी कोपरे नीट दाबून चिकटवले. वरचा एक कोपरा सुटत होता. त्याला त्यानं आणखी खळ लावली.

तेवढ्यात आवारात घुंगरांचा आवाज झाला. आण्णाप्पाची गाडी शिरत होती. नवा फेटा, हातात लाडूंचा डबा. मुराळ्यानं बोलायचं ते घरातल्या सगळ्यांत वडील माणसाशी. म्हणून तो कुणाला न विचारता थेट प्रिन्सिपॉल हुदलीकरांच्या खोलीत गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"अहो, खुर्चीवर बसा," हुदलीकर गडबडून म्हणाले. "काय काम?"

"काम काय, पंचमी आली. आमचं माणूस न्यायला आलतो. चार दिस ठेवून घेतो, पुना आणून घालतो."

"कोण माणूस?"

"रवळू. तुमच्याकडंच दिलाय न्हवं का जूनमधी."

हुदलीकरांचा चेहरा कडक झाला. "रवळू? त्या मुलानं वर्गात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. आजच नाव काढलंय मी त्याचं."

आण्णाप्पा हसला. विहिणीचे असले नखरे त्याला पाठ होते. "असं काय करताय साहेब. काय चुकलं असंल तर पोटात घाला. न्यायचं न्हाय म्हणून घालवू नगा."

"अहो, चुकायला तो इथे आला तर पाहिजे! आलेलाच नाही तो!"

"आला न्हाय? मग त्यो पाणी कोण आणतोय?"

दारातून रवळू पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. पाहुणा आला की पाणी द्यायचं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे. गळ्यात पट्टा होता.

"हा?" हुदलीकर म्हणाले. "हा आमचा नवा शिपाई. फार सालस मुलगा आहे."

आण्णाप्पानं पुतण्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. "काय रं हे? बोल की!"

रवळूची मान खालीच. "मोठ्यांम्होरं बोलायचं न्हाय म्हणालती बायाक्का," तो पुटपुटला.

मग एकेक गोष्ट बाहेर निघाली. उंबरा, ट्रंक, खडू, पट्टा. हुदलीकर ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ते हसणार, असं आण्णाप्पाला वाटलं. पण ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही मुराळी दिसता, म्हणजे मुली आणता?" ते पाठमोरेच म्हणाले.

"आजवर रिकामी गाडी आणली न्हाय."

"माझी शालू. वैशाखात लग्न झालं, निपाणीला दिली. तंबाखूची वखार आहे त्यांची. जाताना मी तिला सांगितलं, इथे पोरांना सांगतो तेच. पुढे बसावं, स्पष्ट बोलावं, समजलं नाही तर विचारावं." त्यांचा आवाज जरा खाली आला. "आता ते तिला पंचमीला पाठवत नाहीत. तोंडाळ म्हणून डांबून ठेवली असणार. चूक माझीच."

सासरचा उपदेश कॉलेजात आला होता आणि कॉलेजचा सासरी गेला होता. दोन्ही ठिकाणी पत्ता चुकला होता.

"साहेब," आण्णाप्पा म्हणाला, "निपाणीला मी जातो. पर ह्या पोराचं नाव तेवढं राखा. परत नेला तर ह्याची आई गावात मान वर करायची न्हाय."

"ते तुमच्या जाण्यावर नाही," हुदलीकर वळून म्हणाले. "त्याच्या तोंडावर आहे. रवळू, तो पट्टा काढ. समोरच्या वर्गात जा आणि पुढच्या बाकावर बस. हजेरी मी इथून पुकारणार. उत्तर मला या खुर्चीत ऐकू आलं तर नाव राहील."

रवळू गेला. पुढच्या बाकावर अप्पासाहेब बसला होता. आपला गडी शेजारी येऊन बसलेला पाहून तो आश्चर्यानं सरकला. हुदलीकरांनी नाव पुकारलं. रवळूचे पाय सवयीनं उठायला निघाले. त्यानं दोन्ही हातांनी बाक गच्च धरला, डोळे मिटले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एका शब्दात बाहेर काढलं.

"हजर!"

आवारात बांधलेले बैल बिथरले. खुळखुळणारे घुंगरू थांबेपर्यंत वर्गात कुणी हललं नाही.

"बोर्डावरचा कागद काढा," हुदलीकर हेडक्लार्कला म्हणाले. पण कागद निघेना. चारी कोपरे फार नीट चिकटवले होते. शेवटी शामूला बोलावून खरवडावा लागला. महिन्याभरातलं ते त्याचं पहिलंच काम.

आण्णाप्पा गाडी आवारात ठेवून सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेला. तिसऱ्या दिवशी परतला तो एकटाच. हुदलीकर फाटकाशी वाट बघत होते.

"सोडलं नाही ना?" त्यांचा चेहरा उतरला.

"न्हाय. जन्मात पयल्यांदा रिकामा आलो," आण्णाप्पा फेटा काढून म्हणाला. "सासू दारात आडवी हुबी. म्हणाली, ही गेली तर वखारीतल्या बायकांची मजुरी कोण बघणार? मालकाला जाब कोण इचारणार? मी तीस वर्सं इचारलं न्हाय, हिनं आठ दिसांत इचारलं. दिवाळीला ये, तवा बघू. आन् पोरगी काय म्हणते ठाव हाय? बाबांना सांगा, पुढच्याच बाकावर हाय."

हुदलीकर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मार्गशीर्षात आण्णाप्पाच्या स्वतःच्या लेकीचं, यशोदेचं लग्न झालं. गाडी जुंपली, नागुबाईनं डोळ्यांना पदर लावला. बायाक्का घसा साफ करून पुढे झाली. पण त्याआधीच आण्णाप्पा म्हणाला, "आक्का, जरा थांबा. ऐक गं यशोदा. हाक मारली की मोठ्यांदी हजर म्हण. कळलं न्हाय तर इचार. आन् पुढच्या बाकावर बस."

यशोदेनं रडणं थांबवून विचारलं, "सासरी बाक असतंय व्हय आण्णा?"

आण्णाप्पा जरा विचारात पडला.

"नसलं तर मागून घे."