बेडकाच्या ढेकरासाठी संगीत

मोन्तेविदेओच्या एका बॅले मंडळाने मुलांच्या चित्रपुस्तकावर आधुनिक बॅले बसवण्याचा ठराव केला आणि संगीताचे काम एलेउतेरिओ बार्रेइरो यांच्याकडे सोपवले. पुस्तकातला बेडूक तळ्याकाठी बसून लिंबूसोडा पितो आणि शेवटच्या पानावर दणदणीत ढेकर देतो. एवढीच गोष्ट. एलेउतेरिओंची नात रेनाता त्या ढेकरासाठीच पुस्तक रोज वाचून घ्यायची. ढेकर खराच हवा, असे तिने आजोबांना बजावले होते आणि त्यांनी शब्द दिला होता. शब्दाला जागून त्यांनी तो ट्यूबा या अगडबंब पितळी वाद्यासाठी लिहिला. इतके प्रामाणिक आपण आयुष्यात काही लिहिले नाही, असे त्यांना वाटले.

संगीत मंजूर करायला सल्लागार समिती बसली. बैठक म्हटली की माते या तिकडच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरणारच, आणि समितीत तुंबा हाती आलेल्याने काही न सुचवता तो पुढे देणे असभ्यपणाचे. थर्मासमधले पाणी संपले की बैठक संपते. दुसरा नियम नाही.

पहिला थर्मास संपेपर्यंत ढेकर शाबूत राहिला. सोड्यात साखर असल्याने बेडकाच्या छातीवर, जादा साखरेच्या पाकिटांवर तिथे छापतात तसा, इशाऱ्याचा काळा अष्टकोन लावावा, असे आरोग्य खात्याच्या बाईंनी सुचवले. शिक्षणतज्ज्ञांना ढेकरानंतर क्षमायाचनेचे नृत्य हवे होते. एलेउतेरिओंनी दोन्ही मान्य केले. पाणी संपले, मंडळी उठू लागली. इथे त्या भल्या माणसाचे सौजन्य आडवे आले. ते स्वतः आत गेले आणि थर्मास भरून घेऊन आले.

"मास्तर, ढेकर असावाच," तुंबा हातात घेत अध्यक्षा ग्रासिएला इतुर्राल्दे म्हणाल्या. "फक्त तो ऐकू येऊ नये."

"बाई, ऐकू न येणारा ढेकर म्हणजे काय?"

"आतली घुसमट. फार समकालीन असते ती."

"मग पोरांनी हसायचं कशावर?"

"हसायला घर आहे की त्यांना."

तुंबा एलेउतेरिओंकडे आला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी चहा ओढला आणि विचार करण्यासारखे आहे, असे म्हणाले. संगीतकाराच्याच आग्रहावरून ढेकर मूक करण्यात येत आहे, अशी इतिवृत्तात नोंद झाली.

पहिल्या प्रयोगाला ट्यूबा नव्हता. शेवटच्या प्रवेशात एकटे व्हायोलिन कण्हत राहिले. कार्यक्रमपत्रिकेत त्याला 'अव्यक्त पचनाचा शोक' म्हटले होते. पालक डोळे टिपत होते, मुले पेंगली होती. रेनाता तेवढी ताठ बसून वाट पाहत होती.

"आजोबा, आता येणार ना?"

"आला बाळा. हाच तो."

तिने थोडा वेळ कान देऊन ऐकले. मग मध्यंतरात प्यायलेला सगळा सोडा कामी लावून तिने एक मोठा, गोल, खणखणीत ढेकर दिला. सभागृहभर मुले जागी झाली आणि खदखदून हसू लागली. व्हायोलिन थांबले. माना वळल्या. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने "शूऽऽ" केले ते आजोबांनी.

रेनाताचा चेहरा पडला. एलेउतेरिओंना आपलीच लाज वाटली. पण त्यांच्यामागोमाग सगळे सभागृह शूऽऽ करून उठले होते. मागच्या रांगांत तुम्ही-आम्हीही होतो. मुलांना संस्कृतीची गोडी लागावी म्हणून मुद्दाम तिकिटे काढून त्यांना घेऊन गेलो होतो.